रेडिसच्या 'रामबाण उपायां'नी भाच्याच्या पट्ट्या खाल्ल्या

परवा सकाळी सव्वासहाला भाच्याचा फोन. "मामा, रात्रीची सगळी रांग गेली." तो सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची हिशोबपट्टी बनते आणि मेसेज जाईपर्यंत रेडिसमधल्या (डेटा थेट मेमरीत ठेवणारं सॉफ्टवेअर) रांगेत थांबते. रात्री दोनला ती रांग पुसली, तीही यानंच लावलेल्या क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीनं. लावायला सांगितलं कुणी? 'रेडिस मेमरीचे रामबाण उपाय' या फॉरवर्डनं. माझ्याकडेही तो तीन ग्रुपांतून आलाय.

उपाय असे: मॅक्समेमरी (रेडिसच्या मेमरीची कमाल मर्यादा) लावू नका, ॲप एरर देतं. रेडिस जुना डेटा आपणहून काढतो. तरी फुगला तर रोज रात्री फ्लशऑल ही पुसण्याची कमांड मारा, मेमरी लगेच मोकळी.

आधी हे फ्लशऑल. अहो, ते फक्त कॅशे, म्हणजे परत बनवता येणाऱ्या तात्पुरत्या प्रती, पुसत नाही. त्या इन्स्टन्समधले (चालू असलेल्या एका रेडिसमधले) सगळे डेटाबेस जातात: लॉगिन सेशन, काउंटर, रांगा, सगळं. कॅशे परत भरता येतो, रांगेतली पट्टी कुठून भरणार? हिशोब मायएसक्यूएल या वेगळ्या डेटाबेसमध्ये होते म्हणून पोरगा वाचला. पण मेसेज कुणाला गेला, कुणाला नाही, हे एकेक नाव जुळवण्यात दुपार झाली. तोवर अडत्याच्या पेढीवर शेतकरी येऊन "आमची पट्टी?" विचारत होते. बरं, 'लगेच मोकळी' तरी खरं आहे का? रेडिसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय: 5 जीबी भरा, त्यातला 2 जीबी काढा, तरी प्रोसेसचा आरएसएस (तिनं प्रत्यक्ष धरलेली मेमरी) बहुधा 5 जीबीच्याच आसपास दिसेल. रात्री खून केला, तरी टॉप कमांडमध्ये दिसणारा मेमरीचा आकडा उतरेलच याची खात्री नाही.

'आपणहून काढतो' म्हणे. 64 बिटवर मॅक्समेमरी डीफॉल्ट 0, म्हणजे मर्यादाच नाही. मग काढायचं कारण काय? टीटीएल, म्हणजे ठरवलेली मुदत, संपलेल्या 'की' (नोंदी) तेवढ्या जातात. बाकीचं वाढत राहतं आणि एक दिवस मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा लिनक्सचा ओओएम किलर रेडिसलाच उचलतो. मर्यादा लावली तरी डीफॉल्ट पॉलिसी नोइव्हिक्शन, म्हणजे तेव्हाही काही काढत नाही. फक्त टीटीएल असलेल्या की काढणाऱ्या व्होलाटाइलवाल्या पॉलिसी निवडल्या आणि एकाही कीला टीटीएल नसला, तरी तीच गत.

एरर येते, हे मात्र खरं. मानतो. नोइव्हिक्शनमध्ये मर्यादा भरली की मेमरी वाढवणारी कमांड नाकारली जाते, वाचणं चालू राहतं. पण ती एरर तुम्हाला दिसते तरी. प्रोसेस मेल्यावर काय दिसणार?

मर्यादा किती, हे कुणी विचारतच नाही. 8 जीबीच्या मशीनवर 8 लावू नका. स्नॅपशॉट घेताना (डेटा डिस्कवर उतरवताना) रेडिस फोर्क होतो, म्हणजे स्वतःची दुसरी प्रोसेस काढतो; तेवढ्यात बदललेल्या मेमरीच्या पानांच्या प्रती बनतात. लिहिणं जोरात असेल तर मेमरी दुपटीपर्यंतही जाते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटाला पुराचा इशारा देतात, धोका 45 ला असतो. मधले पाच फूट उगाच ठेवलेले नाहीत.

भाच्याला आता दोन इन्स्टन्स करायला लावलेत. कॅशेला ऑलकीज-एलआरयू (बराच वेळ न वापरलेलं आधी काढणारी पॉलिसी), रांगेला नोइव्हिक्शन, दोन्हींना मर्यादा, आणि ती कॉन्फिग फाइलमध्ये. चालू रेडिसला नुसत्या कॉन्फिग सेट कमांडनं लावलेली रीस्टार्टला जाते. काल विचारलं, क्रॉनमधली ती ओळ काढलीस का?

"कॉमेंट केलीय, मामा."

म्हटलं, काढ.