निळा रंग दिला म्हणून लिंक होत नाही

शब्द निळा केला, खाली रेघ मारली की पीडीएफमध्ये लिंक झाली, असं धरून चालणारे अजून खूप आहेत. स्क्रीन रीडरला, म्हणजे अंध व्यक्तींना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, ना रंग दिसतो ना रेघ. तो वाचतो फाइलमागची टॅगची रचना, म्हणजे कोणता मजकूर शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणता लिंक हे सांगणाऱ्या न दिसणाऱ्या खुणा. पीडीएफमधली लिंक म्हणजे मजकुरावर ठेवलेला न दिसणारा चौकोन. मजकूर आणि चौकोन दोन्ही एकाच 'लिंक' टॅगखाली असतील तरच ऐकणाऱ्याला कळतं की इथे एंटर दाबायचं.

माझं मत विचाराल तर हे सगळं वर्डमध्येच उरका. कंट्रोल-के ने लिंक द्या, 'सेव्ह अ‍ॅज'मधून पीडीएफ करा आणि ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी'वर टिक ठेवा. 'प्रिंट टू पीडीएफ' नको, त्यात टॅग आणि लिंक दोन्ही जातात.

तयार पीडीएफच हातात आली असेल तर अ‍ॅक्रोबॅटमध्ये शब्द सिलेक्ट करून राइट क्लिक, 'क्रिएट लिंक'. टॅगसकट सगळं जागेवर बसतं. लिंक टूलने चौकोन ओढलात तर तो टॅगबाहेर लोंबकळत राहतो. असे सुटलेले चौकोन टॅग्ज पॅनेलमध्ये 'फाइंड', 'अनमार्क्ड लिंक्स' करून सापडतात. लिंक दोन ओळींत तुटली असेल तर दोन्ही तुकडे एकाच लिंक टॅगखाली आणा, नाहीतर एकच लिंक दोनदा, अर्धी अर्धी ऐकू येते.

आणि ते 'येथे क्लिक करा' बंद करा हो! एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट-एफ७ दाबलं की फाइलमधल्या लिंकची यादी उघडते. तिथे ओळीने 'येथे क्लिक करा' दिसलं तर निवडायचं काय? 'परीक्षेचं वेळापत्रक' असं लिहा.

खरा घोळ तळटीपांचा. प्रबंधांत सर्रास आकडा हाताने टाइप करून सुपरस्क्रिप्ट केलेला असतो. '१९६०' या सालापुढे ३ नंबरची टीप आली की डोळ्यांना लहान आकडा दिसतो, कानाला मात्र 'एकोणीस हजार सहाशे तीन'. 'रेफरन्सेस'मधून 'इन्सर्ट फूटनोट' वापरलंत तर आकडा आणि टीप एकमेकांशी बांधलेले राहतात. पीडीएफमध्ये आकड्याला 'रेफरन्स' टॅग, त्याच्या आत लिंक, आणि टिपेला 'नोट' टॅग हवा. पीडीएफ/यूए-१ या सुलभ पीडीएफच्या मानकानुसार प्रत्येक नोटला स्वतंत्र आयडी लागतो. तो नसेल तर पॅक हा पीडीएफ तपासणारा मोफत प्रोग्रॅम तक्रार करतो. २०२४ च्या पीडीएफ/यूए-२ मध्ये 'नोट'ची जागा 'एफईनोट' या टॅगने घेतली आहे, आणि आकड्याकडून टिपेकडे व टिपेकडून आकड्याकडे असा दुहेरी संदर्भ त्यात लागतो. टीप ऐकून परत मूळ वाक्यावर यायचं कसं, हा प्रश्न कुणी फारसा विचारतच नाही. अ‍ॅक्रोबॅटमध्ये ऑल्ट-डावा बाण चालतो, पण सगळ्यांना तो माहीत नसतो, म्हणून टिपेच्या शेवटी परतीची लिंक द्यावी.

पॅकने हिरवी खूण दिली म्हणून निश्चिंत होऊ नका. टॅग आहे की नाही एवढं त्याला कळतं, टीप भलत्याच परिच्छेदानंतर वाचली जातेय हे कळत नाही. एकदा एनव्हीडीए लावून पान ऐकाच.

फाइलची भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) नोंदवलेली हवी, हे वेगळं सांगायला नको. पण फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर टॅगवर वेळ घालवू नका. लिंक अचूक असली तरी तिचं नाव अगम्य अक्षरांत वाचलं जाईल. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग बाकीचं.