अल्बम अख्खा ऐका, मग बोला

आवडत्या आणि दुर्लक्षित राहिलेल्या अल्बमांवर आज सकाळी आमच्या मित्रमंडळींत चर्चा रंगली होती. जॅझपासून गझलेपर्यंत नावे येत होती, आणि मी 'टॉक टॉक' या ब्रिटिश बँडच्या 'स्पिरिट ऑफ ईडन'चे नाव लिहिले. थोड्याच वेळात एका जुन्या मित्राचे उत्तर आले : "मधली दोन गाणी ऐकली. फार संथ आहे. चालला नाही यात नवल ते काय!" अल्बम आवडला नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. 'मधली दोन गाणी' हे शब्द मात्र दिवसभर डोक्यातून गेलेले नाहीत. सगळा अल्बम जेमतेम ४१ मिनिटांचा आहे, आणि तेवढाही वेळ न देता त्याच्यावर कायमचा शिक्का मारून हा गृहस्थ पुढच्या नावाकडे वळला.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. १९८४ चा 'इट्स माय लाइफ' आणि १९८६ चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' या अल्बमांनी टॉक टॉकला चांगले यश मिळवून दिले होते. त्याच वळणाचा आणखी एक अल्बम काढून खपवणे सहज शक्य असताना बँडचा गायक मार्क हॉलिस आणि त्याचे सहकारी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत जवळजवळ काळोख करून महिनोन्‌महिने बसले. बाहेरून वादक बोलावले, त्यांना मनाला येईल तसे वाजवू दिले, त्यातले बहुतेक सारे टाकून दिले आणि उरलेले तुकडे एकमेकांना जोडून १९८८ मध्ये हा अल्बम पुरा केला. त्यात डॅनी थॉम्पसनचा डबल बास आहे, नायजेल केनेडीचे व्हायोलिन आहे, चेम्सफर्ड कॅथीड्रलचा गायकवृंद आहे, आणि तरीही कोणी पुढे येऊन मिरवत नाही. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना एकमेकींत अशा मिसळून जातात की एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. अशा अल्बममधली 'मधली दोन गाणी' ऐकणे म्हणजे विलंबित ख्याल सोडून थेट द्रुताला येऊन बसणे आणि वर गवयाला नावे ठेवणे.

ख्यालाचा विषय निघालाच आहे तर मामांची गोष्ट सांगायला हवी. माझे मामा आयुष्यभर ख्याल आणि ठुमरी ऐकत आले आहेत, आणि रॉक या शब्दाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. एका रात्री ते माझ्याकडे मुक्कामाला होते आणि मी हीच तबकडी लावली. सुरुवातीला बराच वेळ ठेकाच नाही; दुरून आल्यासारखे ट्रंपेटचे सूर, त्याखाली तंतुवाद्यांचा मंद भरणा, आणि मग एकदम माउथऑर्गन फाटक्या, खरवडलेल्या आवाजात घुसतो. मी काहीतरी सांगायला तोंड उघडले, तर मामांनी डोळे न उघडताच हात वर करून मला गप्प केले. बाजू संपेपर्यंत तो हात तसाच गुडघ्यावर अर्धवट उचललेला होता. मग म्हणाले, "हा माणूस सुराच्या मागे धावत नाही गं, त्याची वाट बघतो. दुसरी बाजू लाव." इंग्रजी शब्दांपैकी किती त्यांच्या कानावर पडले आणि किती निसटले, मला माहीत नाही. पण अल्बम काय मागतो, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत समजले होते, आणि जे मागितले ते त्यांनी देऊन टाकले.

आमच्या पिढीला हे का जमू नये? आमच्या हातात शफलचे, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे, बटण आहे म्हणून? गाण्यांचा क्रम ठरवताना कलावंतांची रात्र-रात्र भांडणे होतात, शेवटची रचना कोणती यावर मैत्र्या तुटायची वेळ येते, आणि आपण तो क्रम एका स्पर्शात उधळून लावतो. २०२१ मध्ये ॲडेलने आग्रह धरला तेव्हा कुठे स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपने अल्बमच्या पानावर शफलला पहिला मान देणे थांबवले. गाणी ज्या क्रमाने लावली आहेत त्या क्रमाने ऐकली जावीत, एवढी साधी गोष्ट मागण्यासाठी जगातल्या सर्वांत लोकप्रिय गायिकांपैकी एकीला शब्द टाकावा लागतो, याची मला खरोखर चीड येते. अमेरिकन गायक मार्विन गेच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये एक गाणे दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून येते. ते मधूनच तोडले की गाणे उरते, पण तो माणूस काय सांगत होता ते हरवते.

प्रत्येक अल्बम या तोलाचा नसतो, हे मला मान्य आहे. दोन चांगली गाणी आणि बाकी भरताड, असे अल्बम सर्व काळात आणि सर्व प्रकारांत निघाले. क्रमातही पुष्कळदा कलेइतकाच तबकडीचा हात असे, कारण एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांहून अधिक संगीत नीट मावत नसे. मामा निवृत्त आहेत आणि त्यांना वेळ आहे, असेही कोणी म्हणेल. म्हणू द्या. दिवसभर बोटाने पडदा सरकवायला ज्यांना वेळ मिळतो, त्यांच्याकडून हे कारण मी ऐकून घेणार नाही.

दुर्लक्षित अल्बम कोणाला म्हणावे, याचे उत्तर हवे असेल तर चरणजित सिंग यांच्याकडे बघा. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे घेतली आणि 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची तबकडी काढली. पहिलाच राग भैरव. खाली यंत्राचा न थकणारा ठेका, त्यावर टीबी-३०३ या खर्ज वाजवणाऱ्या यंत्राचा गुरगुरणारा, वळवळणारा खर्ज, आणि वर कोमल रिषभावरून घरंगळत येणारी सुरावट. तेव्हा तिची कोणी दखल घेतली नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोत त्याच टीबी-३०३ वर ॲसिड हाउस नावाचे संगीत उभे राहिले आणि जगभर नाचले गेले. २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा बाजारात आली तेव्हा ऐकणारे थक्क झाले, कारण तोच आवाज या माणसाने आधीच, कोणाचेही न बघता काढून ठेवला होता. ती दहा मिनिटे ऐकून बंद केली तर यांत्रिक वाटते. तासभर राहू दिली की त्या यंत्रातून रागाचा चेहरा वर येऊ लागतो.

आणि 'दिल पड़ोसी है'? राहुल देव बर्मन, गुलजार आणि आशा भोसले या तिघांनी चित्रपटाची कोणतीही गरज डोळ्यांपुढे न ठेवता १९८७ मध्ये केलेला हा अल्बम. या तिघांची चित्रपटगीते पाठ असलेले माझे कितीतरी स्नेही आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी हा अल्बम सलग ऐकलेला नाही. इथे नायिका नाही, प्रसंग नाही, पडदा नाही. म्हणून आशाबाईंच्या आवाजाला स्वतःशी बोलायला जागा मिळाली आहे. हे लिहितानाही मला त्यातल्या ओळी ऐकू येत आहेत, आणि मघाचा संताप बराच ओसरला आहे.

मामांना पुढच्या खेपेला मी निक ड्रेक या इंग्लिश गायक-गिटारवादकाचा 'पिंक मून' ऐकवला. १९७२ चा, २८ मिनिटांचा, एक गळा आणि एक गिटार, फक्त एका गाण्यात थोडासा पियानो. काढला तेव्हा तो कोणी विचारला नाही, आणि १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी ड्रेक गेला. त्यातल्या 'पिंक मून' याच नावाच्या गाण्याला मोठा श्रोता मिळाला तो पंचवीसेक वर्षांनी, एका मोटारीच्या जाहिरातीतून. मामांनी तो पूर्ण ऐकला, मग पुन्हा पूर्ण ऐकला, आणि म्हणाले, "हात फार सुंदर आहे, पण गळा इतका आत ठेवलाय की मला पोचत नाही." मला हा अल्बम प्राणांहून प्रिय आहे, तरीही मी वाद घातला नाही. दोनदा अख्खे ऐकून आलेले ते मत होते, आणि अशा मतासमोर मी कधीही मान लववीन.

याउलट याद्या! 'सार्वकालिक सर्वश्रेष्ठ' म्हणून छापलेल्या याद्यांतून नावे उचलायची आणि ती आपली आवड म्हणून मांडायची, हा प्रकार मला सर्वांत खुपतो. रोलिंग स्टोन मासिकाच्या ५०० अल्बमांच्या यादीत २००३ मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिला होता. २०२० मध्ये तोच २४ वा झाला आणि मार्विन गे पहिला आला. अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' मोठाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच माणसाने १९७२ मध्ये 'ऑन द कॉर्नर' काढला तेव्हा जॅझच्या जाणकारांनी त्याला झोडपून काढले, आणि आज तोच अल्बम पुढच्या कितीतरी संगीताची खाण मानला जातो. त्या जाणकारांनी तेव्हा यादी बघून कान ठरवले होते, आणि आज आपणही तेच करत आहोत.

तेव्हा खाली नावे जरूर लिहा. मला ती मनापासून हवी आहेत, प्रकार कोणताही असो. फक्त शेवटच्या रचनेचा शेवटचा सूर विरेपर्यंत निदान दोनदा ऐकलेला अल्बमच लिहा, आणि त्यातली कोणती जागा तुम्हाला धरून ठेवते तेही सांगा. मी प्रत्येक अल्बम सुरुवातीपासून क्रमाने ऐकेन आणि मगच उत्तर देईन, त्याला महिना लागला तरी चालेल.