अक्का, अंडरटोन कुठला?

काजळ आणायला गेले होते. फक्त काजळ.

खडेबाजारातलं ते दुकान नवीन. काचेचं दार, आत गारवा आणि नको तेवढा उजेड. घरच्या आरशाशी माझी समजूत आहे: तोही डागाळलाय, मीही. कुणी कुणाचं काढायचं नाही. इथल्या आरशानं मात्र दारातच सगळं काढलं.

"बर्री अक्का, येन बेक्री?"

माझं कन्नड भाजीपुरतं. 'एष्टु', म्हणजे 'किती', यावर अर्धं आयुष्य निघालंय. मी "काजळ" म्हटल्यावर पोरगी मराठीवर आली.

"काजळ देतो की. पण पिगमेंटेशन किती झालंय वो!"

पिगमेंटेशन मराठीत पिगमेंटेशन, कन्नडातही पिगमेंटेशनच. सीमाप्रश्नात दोन्ही बाजूंचं एकमत झालेला हा पहिलाच शब्द असावा.

मग माझं मनगट तिच्या हातात गेलं. शिरा हिरवट दिसल्या तर अंडरटोन, म्हणजे कातडीची आतली छटा, वॉर्म; निळसर दिसल्या तर कूल. माझ्या धड हिरव्या नाहीत, धड निळ्या नाहीत. "न्यूट्रल," तिनं निकाल दिला. बेळगावात जन्म काढून न्यूट्रल! आमच्या अप्पांनी ऐकलं असतं तर घरात घेतलं नसतं.

फाउंडेशनच्या तीन पट्ट्या मनगटावर ओढून झाल्या. सनस्क्रीन मी एसपीएफ 30 चं उचललं, तिनं 50 चं पुढं केलं. 30 नं यूव्हीबी किरणं 97 टक्के अडतात, 50 नं 98, हे मला पाठ होतं. एका टक्क्याला एवढे जादा पैसे कशाला, असं ठणकावून विचारणार होते. तोंडातून "बरं" निघालं.

शेवटी ओळखीची ट्यूब दिसली म्हणून जीव भांड्यात पडला, तर 2020 पासून तिच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलेलं. 2014 मध्ये गावाचं बेळगावी झालं, तसंच. आमच्या घरात दोन्ही जुन्याच नावानं चालतात.

सुरकुत्यांच्या फळीपाशी पोहोचेपर्यंत अक्काची मी आंटी झाले होते. पुढच्या फळीवर अज्जी होण्याआधी बिल केलं आणि बाहेर पडले.

थेट कुंद्याच्या दुकानात. तिथं कुणी स्किन टाइप विचारत नाही. पाव किलो सांगितला. पुडा घ्यायला हात पुढं केला तर मालक मनगटावरच्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

"घराला रंग काढलाय काय वो वहिनी? मधला बरा दिसतोय. हॉलला तोच मारा."