फ्लोराइड वार्निशबद्दलच्या एक-स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय : ‘साडेचार वर्षांच्या मुलीला आजोबांबरोबर पाठवलं, तर मला न विचारता तिच्या दातांना विष फासलं. दात पिवळे झाले. फोन केला तर म्हणे, नेटवरचं वाचू नका. अमेरिकेत फ्लोराइडने मुलांची बुद्धी कमी होते असा अहवाल आलाय.’

न विचारल्याचा दोष आमचा. आजोबा ‘योग्य वाटेल ते करा’ म्हणाले आणि आम्ही तोच होकार धरला. तुम्हाला एक फोन करायला दोन मिनिटं लागली असती. फोनवरचं ते उत्तरही उद्धट होतं. वार्निशचे, म्हणजे दात किडू नयेत म्हणून लावतात त्या फ्लोराइडच्या लेपाचे, पैसे परत देतो, आणि आता आई-वडिलांशी बोलल्याशिवाय आमच्याकडे वार्निशची पुडी उघडत नाही.

‘विष’ हा शब्द मात्र मला मान्य नाही.

तो अहवाल मी वाचलाय. 2024 चा आहे, खोटा नाही. पण तो रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडबद्दल बोलतो, म्हणजे पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमहून जास्त असेल तर. तेलंगणात नलगोंड्याला, महाराष्ट्रात यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात ते मुळातच जास्त असतं. तिथे दात डागाळतात, हाडंही धरतात. आपल्या गोव्यातल्या फोंड्याला बोअरवेलचं नाही, ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, आणि आपल्या देशात नळाच्या पाण्यात फ्लोराइड कुणी मिसळत नाही. घरी बोअरवेल असेल तर पाणी जरूर तपासून घ्या.

वार्निश वर्षातून दोनदा, तेही पाव मिलिलिटर. सगळं गिळलं तरी पोटात सहा मिलिग्रॅमहून कमी फ्लोराइड जातं. पंधरा किलोच्या मुलाला दवाखान्यात धावायची वेळ साधारण 75 मिलिग्रॅमला येते. आकड्यांनी आईची रात्र शांत जात नाही, हे मलाही कळतं, पण आकडे सांगायलाच हवेत. पिवळेपणा वार्निशच्या रंगाचा असतो, दुसऱ्या दिवशी ब्रशने निघतो. तेही आजोबांना नीट सांगायला हवं होतं.

मला काळजी तुमच्या शेवटच्या ओळीची वाटते. ‘आता घरातली टूथपेस्टच फेकून दिली.’ असं करू नका. खरं फ्लोराइड पोटात जातं ते जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पेस्ट लावली की, आणि स्ट्रॉबेरीच्या चवीची असेल तर मुलं ती चाटूनच खातात. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, तीही मोठ्यांनी लावून द्यायची आणि थुंकायला लावायचं. एवढं सांभाळलं तर पेस्ट ठेवा. आमच्याकडे किडलेले दुधाचे दात येतात ते रात्रीच्या दुधाच्या बाटलीने आणि जत्रेतल्या खाज्याने. (खाजं मलाही आवडतं, त्यामुळे फार बोलत नाही.)

फ्लोराइड नकोच असेल तर फाइलवर तसं लिहून ठेवू, मुलीची तपासणी थांबणार नाही. तिच्या दातांविषयी इथे जास्त लिहिणं बरं नाही. बुधवारी दुपारी मी मोकळी असते. तुम्ही या, आजोबांनाही आणा, त्यांच्यावर रागावू नका.