जंतूंचे विष ‘धुऊन काढता’ येते का?

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश बराच फिरतो आहे. त्यात चार विधाने आहेत: जंतू रक्तात विष सोडतात आणि आजार त्या विषाने होतो, प्रतिकारशक्ती उत्तम असेल तर पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून संपवतात, जंतूचे काम एकच, ते म्हणजे पेशी मारणे, आणि प्रतिजैविकांनी जंतू मेले तरी विष मागे राहते, म्हणून काढे आणि भरपूर पाणी पिऊन ते बाहेर काढावे.

पहिले विधान काही रोगांपुरते खरे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. घटसर्पाचे जंतू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचला तरी रोगाची लक्षणे उमटतात, हे एमिल रू आणि अलेक्झांद्र येर्सँ यांनी १८८८ मध्ये दाखवले. अशा विषावर प्रतिविष चालते, पण ते विष पेशीत शिरण्यापूर्वीच. आत गेलेल्या विषाला प्रतिविष गाठू शकत नाही, मग पाण्याने ते धुतले जाईल ही अपेक्षाच फोल आहे.

साल्मोनेला, शिगेला आणि प्लेगचा यर्सिनिया यांची मुख्य हत्यारे मात्र रक्तात मोकळी सोडलेली नसतात. या जंतूंच्या दुहेरी आवरणातून आरपार जाणारी आणि बाहेर सुईसारखी उभी राहणारी एक प्रथिनांची रचना असते, जिला तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणतात. साल्मोनेलातील या रचनेची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील चित्रे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुईची पोकळी इतकी अरुंद असते की प्रथिनाची घडी उलगडूनच ते तिच्यातून जाऊ शकते. सुईचे टोक पेशीला टेकले की तिच्या आवरणात छिद्र पाडले जाते आणि जंतूची प्रथिने थेट आत उतरतात. अतिसार घडवणारे ई. कोलायचे काही प्रकार तर याच मार्गाने स्वतःचे एक प्रथिन आतड्याच्या पेशीत घुसवतात, ते तिच्या आवरणावर जाऊन बसते आणि मग जंतू त्यालाच घट्ट चिकटतो. यजमानाकडे खुंटी नसेल तर ती आपणच ठोकून घेण्याचा हा उद्धटपणा मला थक्क करणारा वाटतो.

दुसरे विधान सर्वांत दिशाभूल करणारे आहे, आणि त्याला प्लेगसारखे उत्तर दुसरे नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात पसरलेल्या या रोगाचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, हाँगकाँगमध्ये, वर उल्लेखलेल्या येर्सँ यांनीच शोधला होता. पिसवेच्या शरीरात हा जंतू तुलनेने थंड वातावरणात असतो. माणसाच्या शरीराची ३७ अंशांची ऊब मिळताच त्याची स्रावयंत्रणा उभी राहू लागते. त्यानंतर जी पेशी त्याला गिळायला येते, तिच्यातच तो आपली प्रथिने टोचतो. त्यांपैकी एक पेशीचा अंतर्गत सांगाडा मोडते, त्यामुळे तिला जंतूभोवती वेढा घालता येत नाही. दुसरे तिच्यातील संदेशवहनाला लागणारे फॉस्फेट काढून टाकते. तिसरे धोक्याची सूचना देणारी साखळी तोडते आणि भक्षक पेशीला मरणाकडे ढकलते. उंदरांवरील २००५ च्या एका अभ्यासात असे दिसले की जंतू ज्या पेशींना टोचतो त्या प्रामुख्याने प्रतिकारशक्तीच्याच असतात. या यंत्रणेची जनुके एका प्लाझमिडवर, म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, असतात, आणि तो प्लाझमिड गमावलेला जंतू रोग घडवण्याची क्षमता जवळजवळ गमावतो. पहारेकऱ्यालाच आधी निकामी करणाऱ्या शत्रूपुढे ‘उत्तम प्रतिकारशक्ती’ एवढे उत्तर पुरत नाही, आणि धडधाकट तरुणही प्लेगला बळी पडत आले आहेत.

क्षयाचा जंतू वेगळी वाट धरतो: तो स्वतःला गिळू देतो आणि सातव्या प्रकारच्या स्रावयंत्रणेच्या मदतीने, ज्या कप्प्यात त्याला कोंडले आहे त्याच्याच भिंतीला इजा करतो. बीसीजी लशीतील जंतूने १९०८ ते १९२१ या काळात प्रयोगशाळेत वाढताना या यंत्रणेच्या जनुकांचा एक तुकडा गमावला, आणि तो सौम्य होण्यामागचे ते एक प्रमुख कारण आहे.

पेशी मारणे हेच जंतूचे काम, हेही खरे नाही. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात पटकीचे (कॉलराचे) जे विष दाखवून दिले, ते आतड्यातील पेशीला मारत नाही. ते तिला पाणी आणि क्षार बाहेर टाकायला लावते, आणि रुग्ण त्या निर्जलीकरणाने दगावतो. उलट, कधी कधी पेशी आपणहून मरते. जंतूच्या सुईचे प्रथिन आत आलेले ओळखणारे संवेदक आपल्या भक्षक पेशींमध्ये असतात, आणि ते चेतले की ती पेशी फुटते, आतला जंतू उघडा पडतो आणि शेजारच्या पेशींना इशारा मिळतो. हा मृत्यू शरीराच्या बाजूचा असतो.

प्रतिजैविकांविषयीचे विधान प्लेगच्या बाबतीत धोकादायक आहे. टोचण्याच्या यंत्रणेला ऊर्जा लागते आणि ती जिवंत जंतूच पुरवतो. जंतू मेला की टोचणे थांबते. शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायच्या संसर्गात काही प्रतिजैविकांनी विषाचा स्राव वाढू शकतो, म्हणून तेथे डॉक्टर ती सहसा टाळतात, पण तो निर्णय रोगाचे निदान पाहून घेतलेला असतो. फुफ्फुसी प्लेगमध्ये लक्षणे दिसल्यापासून सुमारे २४ तासांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाले नाही तर रुग्ण वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते, आणि काढा पीत वाट पाहण्यात जाणारा वेळ याच तासांतून वजा होतो.