दिवा लागतो म्हणून निर्धास्त राहायचं?

फ्रेममध्येच कॅमेरा बसवलेल्या चष्म्यांबद्दल एक पोस्ट सध्या ग्रुपांमधून फिरते आहे. म्हणणं थोडक्यात असं: चित्रीकरण चालू असताना दिवा लागतो, फोनलाही कॅमेरा असतोच, नुसत्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही आणि कायदा आहेच. मला यातलं एकही पटत नाही.

आधी दिवा. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या रे-बॅन मेटा या अशाच चष्म्याच्या कोपऱ्यात तो बारीकसा पांढरा ठिपका असतो. भर उन्हात, गर्दीत तो कुणाला दिसणार? पहिली पिढी २०२१ मध्ये आली तेव्हाच आयर्लंड आणि इटलीच्या डेटा संरक्षण यंत्रणांनी ही शंका काढली होती. आता दिवा झाकला तर चित्रीकरण सुरू होत नाही, हे खरं. पण ६० डॉलर घेऊन तो दिवाच कायमचा बंद करून देणारा माणूस २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी शोधून काढला. शिवाय दिवा दिसला तरी त्याचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? माझ्या आईला तरी नाही.

फोनचं म्हणाल, तर तो उचलून समोर धरावा लागतो. ते दिसतं, म्हणून बाई तोंड फिरवते, कुणी ‘फोटो नको’ म्हणतो. चष्म्यात ही संधीच मिळत नाही.

‘चेहऱ्यावरून काय कळतं?’ हा तर सगळ्यात धोकादायक समज. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच चष्म्याचं थेट चित्रीकरण पिमआईज या चेहरा शोधणाऱ्या सेवेला आणि एआयला जोडलं. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर त्यांच्या हाती येऊ लागले. मग ते ओळख असल्यासारखे त्यांच्याशी जाऊन बोलले आणि लोकांना ते खरं वाटलं. आपला प्रोग्राम त्यांनी कुणाला दिला नाही, पण जोडलेली साधनं कुणालाही मिळण्यासारखी होती. एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

राहिला कायदा. २०२३ चा आपला डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खाजगी क्षणांचं चित्रण रोखतं. रस्त्यावरून चालणारी स्त्री त्यात सहसा बसत नाही. आणि चित्रण झालं हेच कळलं नाही, तर तक्रार करणार कशाची?

भारतात हे चष्मे मे २०२५ पासून विकले जात आहेत. दवाखाने, पाळणाघरं, मुलींची वसतिगृहं, कपडे बदलायच्या खोल्या इथे ते दाराशीच काढून ठेवायला लावावेत, चपला काढतो तसे. नंबरच्या काचा बसवल्या असतील, तर साधा चष्मा सोबत आणावा.