'मोठा साइज गळ्यात मारतात' या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या फोटोच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला फॅमिली फोटो 12 बाय 18 इंचांचा हवा होता, आम्ही 20 बाय 30 च्या मागे लागलो. शेवटी 16 बाय 20 केला तर थोरल्या काकांचा दंड कापला गेला. माउंटचे, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे, पैसे उगाच लावले. आणि सासऱ्यांचा फोटो मोठा करून द्यायला सरळ नकार दिला. शेवटी 'मोठा साइज खपवायचा धंदा' असा शेरा. सांगलीतली बाकीची गिऱ्हाइकंही हे वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

20 बाय 30 मध्ये माझे चार पैसे जास्त सुटतात, हे खरंच आहे. पण त्याच दिवशी, त्याच काउंटरवर तुम्ही सासऱ्यांचा फोटो 20 बाय 30 मध्ये मागत होता आणि मी 6 बाय 8 च्या वर जायला तयार नव्हतो. मोठा माल खपवायचा असता, तर हातची ऑर्डर मी कशाला सोडली असती?

तुमच्या ग्रुपमध्ये चौदा माणसं. आजीपासून मांडीवरच्या बाळापर्यंत तीन रांगा, मधल्या रांगेत सात जण. सात माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की रांग दहा फुटांच्या आसपास जाते. ती 18 इंची कागदावर बसवली तर एकेक चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत इंच-सव्वा इंचाचा येतो. 20 बाय 30 वर तोच चेहरा दोन इंचांच्या जवळ जातो. तुम्ही मोबाइलवर हॉल दाखवलात, त्यात फोटो सोफ्याच्या मागच्या भिंतीवर आणि बघणारा समोर, म्हणजे नऊ-दहा फुटांवर. तेवढ्या अंतरावरून इंचभराच्या चेहऱ्यात आत्या कोण आणि काकू कोण हे ओळखायला पाहुण्याला उठून सोफ्यावर गुडघे टेकावे लागतील. साइज ठरवताना मी आधी डोकी मोजतो, मग अंतर विचारतो, आणि दर शेवटी सांगतो. नवरा-बायको आणि एक मूल असतं, तर 12 बाय 18 पुरे, असं मीच म्हटलं असतं. बेडरूमला 8 बाय 12 सुद्धा चालतो, कारण तिथं आपण चार फुटांवरून बघतो.

भिंतीचा हिशोबही आहेच. सोफ्यावर लावायची फ्रेम सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असली की नजरेला बरी वाटते. तुमचा सोफा सहा फुटी, म्हणजे चार फूट. 20 बाय 30 ला माउंट आणि फ्रेम धरून 38 इंच होतात, म्हणजे तोही त्याहून कमीच. 12 बाय 18 तिथं किराणा दुकानाच्या कॅलेंडरसारखा दिसला असता.

आता काकांचा दंड. आमच्या कॅमेऱ्याचा फोटो 2 ला 3 या मापाचा असतो. 8 बाय 12, 12 बाय 18, 20 बाय 30 हे साइज त्याच मापात बसतात, त्यामुळे काही कापावं लागत नाही. 16 बाय 20 चं माप 4 ला 5. उंची 16 ठेवली तर फोटो मुळात 24 इंच रुंद होतो आणि 20 मध्ये बसवायला चार इंच जातात, दोन्ही कडांना दोन-दोन. कडेला उभा असलेला माणूस कापला जाणारच, आणि तुमच्या फोटोत तिथं काका होते. 16 बाय 20 हा साइज मी सुचवलेला नाही. तुम्ही आधीच दुसरीकडून फ्रेम आणली होती आणि तीच वापरायची होती. क्रॉप मी स्क्रीनवर दाखवला. पूर्ण फोटो ठेवून वर-खाली पांढरी पट्टी सोडू, असंही म्हटलं. पट्टी बरी दिसत नाही म्हणून तुम्ही नको म्हणालात आणि 'चालेल, करा' असं सांगितलंत. सगळ्यांना विनंती: फ्रेम आधी घेऊ नका. आधी फोटो, मग साइज, मग फ्रेम. मोबाइलचा फोटो तर बहुतेक वेळा 3 ला 4 असतो, त्याचं कापणं आणखी वेगळं.

माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामधली जाड पुठ्ठ्याची चौकट. शोभेची आहेच, पण तिच्यामुळे कागद काचेला टेकत नाही. टेकला आणि ओल धरली की फोटोचा वरचा थर काचेला चिकटतो. 2019 च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीच्या गावभागातून माझ्याकडे अशा फ्रेमा आल्या होत्या. एकीत लग्नातल्या नवरीचं अर्धं कपाळ काचेवर आणि अर्धं कागदावर, कारण घरच्यांनी घाईनं सोलून काढायला घेतला होता. (कुणाकडे असा फोटो असेल तर सोलू नका. काचेसकट आणा, काचेवरूनच स्कॅन करू.) कृष्णेकाठी राहून माउंटचे पैसे वाचवायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

सासऱ्यांच्या फोटोबद्दल तुम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटलंय, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तुम्ही आणलेला फोटो तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फिरून आलेला होता. फाइल 960 बाय 1280 पिक्सेलची. 20 बाय 30 वर पसरली तर इंचाला जेमतेम 43 पिक्सेल उरतात. भिंतीवरच्या फोटोला 150 तरी लागतात, हातात धरून बघायचा असेल तर 300. तुमचा ग्रुप फोटो 6000 बाय 4000 चा होता, 20 बाय 30 ला इंचाला 200 मिळत होते, म्हणून तिथं मी निर्धास्त होतो. सासऱ्यांचा चेहरा मात्र फाटला असता, म्हणजे धूसर दिसला असता. 6 बाय 8 ला त्याच फाइलमधून 160 मिळतात आणि फोटो स्वच्छ येतो.

'एआयनं मोठा करा की' असं तुमचे चिरंजीव म्हणाले. होतो. मी करून दाखवला. सॉफ्टवेअरला जिथं काही दिसत नाही, तिथं ते आपल्या मनानं भरतं. मिशा दाट झाल्या, गालावरचा व्रण गेला, डोळे कुणा दुसऱ्याचेच वाटायला लागले. फोटो झकास होता, पण तुमच्या सासूबाईच म्हणाल्या, "हे आमचे हे नव्हेत." हार घालायच्या फोटोत असलं काम मी करत नाही.

त्यावर उपाय आहे आणि तो त्या दिवशीही सांगितला होता. मूळ कागदी फोटो मिरजेच्या नणंदेकडे आहे, असं तुम्हीच म्हणालात. पोस्टकार्ड साइजचा, 4 बाय 6 असला आणि 600 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 600 पिक्सेलनं, स्कॅन केला, तर 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात. त्यात 12 बाय 18 आरामात होतो. मोबाइलनं फोटोचा फोटो काढून पाठवू नका, ट्यूबलाइटची चमक येते. मूळ फोटो घेऊनच या, मिरज काही लांब नाही.

लावायचं म्हणाल तर फ्रेमचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास ठेवा. जुन्या वाड्यात छताजवळ पुढं कललेले फोटो असायचे, ते तिथल्या उंच भिंतींना शोभायचे. फ्लॅटमध्ये मान दुखते. खिडकी समोर असेल तर ग्लॉसी (चकचकीत) कागद नको, मॅट (बिनचमकीचा) घ्या. दिवंगतांचा फोटो कुठल्या दिशेला, हे मात्र मला विचारू नका, त्यात घराघराचं मत वेगळं.

तुमच्या ग्रुपची मूळ फाइल आमच्याकडे जपून ठेवलेली आहे. 12 बाय 18 आणि 20 बाय 30, दोन्ही मापाचे कोरे कागद कापून देतो, त्याचे पैसे नाहीत. चिकटपट्टीनं भिंतीवर लावा, दोन दिवस बघा, घरच्यांना विचारा. त्यानंतर 12 बाय 18 च हवा म्हणालात तर तोच करून देईन, एक शब्द बोलणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं. येताना भिंत टेपनं मोजून आणा, वितीनं नको.